सुवॉनमध्ये आई-आप्पांना गोगितजिपला न्यावं का?

सांगलीकरीण | २० मार्च, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, तोही खाण्यावरच.

आई-आप्पा ५ एप्रिलला सांगलीहून आमच्याकडे सुवॉनला येतायत, तीन आठवडे राहणार आहेत. चेरीचा बहर, सोलचे राजवाडे, इथली ह्वासॉंगची तटबंदी, जेजूचे दोन दिवस, सगळं ठरलंय. घोडं अडलंय ते एका जेवणापाशी. नवरा म्हणतो, कोरियात आणून गोगितजिपला नेलं नाही तर दाखवलं काय? मला मात्र धास्ती आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: गोगी म्हणजे मांस, जिप म्हणजे घर. गल्लीबोळातलं साधं हॉटेल. टेबलाच्या मधोमध भोक, त्यात निखारे नाहीतर गॅस, वर जाळी किंवा जाड तवा, आणि डोक्यावर छतातून लोंबणारं धुराडं, हाताने खाली ओढता येणारं. कच्चं मांस ताटात येतं. ते तिथेच भाजायचं, कात्रीने कापायचं (हो, खरोखरची कात्री) आणि पानात गुंडाळून तोंडात टाकायचं.

आता अडचण. आप्पा पक्के मटणवाले. गेली चाळीस वर्षं रविवारचं मटण तेच करतात. आईने वाटण करून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. पातेल्यात दुसऱ्या कुणी डाव घातलेला त्यांना खपत नाही. बीफ आमच्याकडे कुणीच खात नाही. डुकराबद्दल घरात कधी विषयच निघालेला नाही, त्यामुळे आप्पांचं मत काय ते देव जाणे. आई अंडी, चिकन, मासे खाते, तेही सोमवार-गुरुवार सोडून.

तर न्यावं का? न्यायचं तर कसल्या ठिकाणी? अनुभवी लोकांनी लिहा प्लीज.

कोळसा | २० मार्च, रात्री ११:०२

जरूर न्या. मी सोलमध्ये सहा वर्षं काढली, आता पुण्यात आहे आणि सगळ्यात जास्त आठवण याच जेवणाची येते.

सुवॉनमध्ये राहता म्हणून पहिला सल्ला गाल्बीचा यायला हवा होता. तुमचं गावच त्यासाठी प्रसिद्ध. एकेकाळी तिथे जनावरांचा मोठा बाजार भरायचा आणि सुवॉनची 'वांगगाल्बी', म्हणजे राजासारखी दांडगी बरगडी, देशभर गाजलेली. पण ती गाईची, म्हणजे तो रस्ता बंद. मग उरतं सामग्योप्साल. साम म्हणजे तीन, ग्योप म्हणजे थर, साल म्हणजे मांस. डुकराच्या पोटाचा तुकडा, मांस-चरबी-मांस असे पदर. चरबी नको असेल तर मोक्साल मागा, मानेकडचं, जास्त मांसल. आप्पा मटणवाले असतील तर मोक्साल त्यांना जवळचं वाटेल.

व्यवहार असा चालतो. ऑर्डर 'इनबुन'वर, म्हणजे एका माणसाचा वाटा. साधारण १५० ते २०० ग्रॅम, हॉटेलागणिक वेगळा, मेनूवर लिहिलेला असतो. सुरुवातीला किमान दोन इनबुन घ्यावे लागतात. मांस यायच्या आधीच टेबल भरून जातं: किमची, मुळा, मोड आलेले सोयाबीन, तिखट-आंबट कांदापातीची कोशिंबीर, सांगचूची पानं, लसणाच्या चकत्या, हिरवी मिरची, स्सामजांग (आंबवलेल्या सोयाबीन-मिरचीची घट्ट चटणी). या सगळ्याला बानचान म्हणतात आणि ते फुकट असतं, संपलं की परत मिळतं. बऱ्याच ठिकाणी कोपऱ्यात वाढून घ्यायची सोय असते. चमचे आणि धातूच्या काड्या शोधत बसू नका, टेबलाच्या कडेला ड्रॉवर असतो. बोलवायला टेबलावर बटण. टिप नाही. पैसे जाताना गल्ल्यावर.

पण खरा मुद्दा या सगळ्यात नाही. गोगितजिपमध्ये मुख्य प्रश्न एकच असतो: चिमटा कुणाच्या हातात?

ऑफिसच्या जेवणाला, म्हणजे ह्वेशिकला, चिमटा सगळ्यात धाकट्याकडे जातो. माझ्या पहिल्या ह्वेशिकला मी टीममध्ये वयाने तिसरा होतो, पण कोरियन भाषेत सगळ्यांत धाकटा, त्यामुळे चिमटा माझ्याकडे आला. मी आपला भाकरी भाजल्यासारखा तुकडा उलटापालटा करत राहिलो. सहाव्यांदा उलटल्यावर साहेब काही बोलले नाहीत, नुसते हात पुढे करून चिमटा घेऊन गेले. टेबलावर जी शांतता पसरली तिचा अर्थ कळायला मला वर्ष लागलं. तुकडा एकदा ठेवायचा आणि हात आवरायचा. वरच्या बाजूला रसाचे थेंब दिसू लागले की उलटायचा. दुसरी बाजू झाली की कात्रीने घासाएवढे तुकडे. बस.

तेव्हा तुमच्या आप्पांची काळजी डुकराची करू नका, चिमट्याची करा. 🙂

निवांत_नाना | २१ मार्च, सकाळी ६:४०

म्हणजे हॉटेलात जायचं, पैसे मोजायचे, आणि स्वतःच भाजायचं? मग घरी काय वाईट आहे? उद्या म्हणाल हॉटेलात भांडी पण आपणच घासायची.

कोळसा | २१ मार्च, सकाळी ८:१०

नाना, हुरडा खायला शेतावर जाता तेव्हा आगटीपाशी कोण बसतं? आणि पैसे कोण मोजतं?

निवांत_नाना | २१ मार्च, सकाळी ८:१४

हुरड्याला कात्री लागत नाही.

अर्धीभाकरी | २१ मार्च, दुपारी १:३०

हसून हसून पुरेवाट, नाना.

मी देजॉनला पीएचडी करतेय. माझी तक्रार वेगळी आहे: एकट्या माणसाने खायचं कसं? पहिल्या वर्षी एका ठिकाणी गेले, बाईंनी माझ्या मागे पाहिलं, आणखी कोण येतंय का म्हणून. कुणी नाही म्हटल्यावर हाताने फुली दाखवली. दुसऱ्या ठिकाणी बसू दिलं, पण दोन इनबुन घ्यावेच लागतील म्हणाले. घेतले. चारशे ग्रॅम एकटीने भाजलं, एकटीने खाल्लं, वसतिगृहात जाऊन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडून राहिले. आता एकट्यांसाठी छोटे तवे ठेवणारी हॉटेलं निघालीत, पण त्यात मजा नाही. समोर कुणीतरी 'झालं का?' विचारणारं लागतं.

सांगलीकरीण, आणखी एक. ३ मार्चला इथे सामग्योप्साल दिवस असतो, तीन-तीन म्हणून. सुपरमार्केटांत सवलती असतात. तुमचा मुहूर्त थोडक्यात हुकला.

आणि केन्निप आईंना नक्की चाखायला द्या. सांगचू म्हणजे आपलं साधं सॅलडचं पान, पण केन्निपला वास आहे. मला पहिल्यांदा तुळस आणि बडीशेप एकत्र चावल्यासारखं वाटलं.

शुद्ध_तुपाळ | २१ मार्च, दुपारी ३:०५

केन्निप तुळशीच्याच कुळातलं आहे, त्यामुळे नाक बरोबर आहे तुमचं. उत्तराखंडात भंगजीर म्हणून ज्याच्या बियांची चटणी करतात, तेच हे झाड. कोरियन लोक पान खातात आणि बियांचं तेलही काढतात. काहीजण कारळं समजतात, ते वेगळं.

मी बुसानला राहते, शाकाहारी, आणि तरीही महिन्यातून एकदा गोगितजिपला जावं लागतं कारण नवरा. त्यामुळे आईंसाठी माझा अनुभव उपयोगी पडेल. धीराने वाचा.

किमचीत बहुतेक वेळा माशाचा नाहीतर खारवलेल्या कोळंबीचा रस असतो. तुमच्या आई मासे खातात म्हणजे एरवी प्रश्न नाही, पण सोमवार-गुरुवार असेल तर किमची बाद. द्वेनजांग-जिगे, म्हणजे सोयाबीनच्या आंबवणाची आमटी, दिसते निरागस. तिच्या पाण्यात सुकी मासळी असते, कधी शिंपले, आणि मांसाच्या हॉटेलात तर कधी बीफचे तुकडेही. विचारून घ्या. नेंगम्यॉन, त्या बर्फाळ रश्शातल्या गार शेवया, त्यांचा रस्सा बहुतेक बीफचा. 'नुसत्या नूडल्स आहेत' म्हणून आईंपुढे ठेवाल आणि नंतर कळलं तर तुमची धडगत नाही.

चालेल असं काय? ग्येरान-जिम: मातीच्या भांड्यात फुगवून आणलेलं वाफेचं अंडं, लहान मुलं आणि आया दोघांनाही आवडतं. पण पाणी कशाचं ते तिथेही विचारा. भात. जाळीवर भाजायला सेसोंगी मशरूम, कांदा, मिरची, लसूण. आता जाळी एकच, आणि चरबी त्यावरूनच वाहणार. फॉइल मागा. लसूण तिळाच्या तेलात फॉइलच्या वाटीत शिजवायची त्यांची पद्धतच आहे, तशीच मशरूमला दुसरी वाटी करून मिळते.

गुडघे दुखत असतील तर जमिनीवर बैठक असलेलं ठिकाण टाळा. हे कुणी सांगत नाही.

आणि एखाद्या देवळात साचल उमशिक, म्हणजे बौद्ध मठांतलं जेवण मिळालं तर आईंना आवर्जून न्या. मांस नाही, मासे नाहीत, आणि कांदा-लसूणही नाही. आपल्या चातुर्मासाचंच भावंड.

ओळखापाहू | २१ मार्च, सायं. ६:२०

परदेशात गेलं की लोक काय काय खायला लागतात. आणि वर आई-वडिलांनाही त्यात ओढायचं. बाकी चालू द्या.

कोळसा | २१ मार्च, सायं. ७:००

चालू देतोच. पण माहितीसाठी: जुन्या कोरियात, जोसॉन राजांच्या काळात, गाय-बैल कापायला पुन्हा पुन्हा बंदी घातलेली आढळते. कारण आपल्याकडच्या शेतकऱ्याला लगेच कळेल असंच: बैल कापला तर नांगर कोण ओढणार? बंदी सारखी सारखी घालावी लागली यावरून ती किती पाळली गेली तेही कळतं. सामग्योप्सालचा आजचा धुमाकूळ मात्र जुना नाही, गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतला. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तर खिसे रिकामे झाल्यावर 'देप्पे' प्रकाराची चलती झाली. देप्पे म्हणजे सुताराचा रंधा. गोठवलेलं मांस रंध्याने तासल्यासारखं पातळ, ढलप्याच्या सुरळ्या होऊन येतं. स्वस्त, तव्यावर टाकल्या टाकल्या होतं. विद्यार्थ्यांचं जेवण.

आता मात्र स्वस्ताई संपली. सोलमध्ये २०२४ साली २०० ग्रॅम सामग्योप्सालचा सरासरी भाव २०,००० वॉनच्या वर गेला तेव्हा तिथल्या पेपरांत मथळे आले होते. आपले बाराशे रुपये धरा.

मेंढीकोट | २१ मार्च, रात्री ९:४५

लॉस एंजेलिसहून हजर. आमच्या कोरियाटाउनात प्रकार थोडा वेगळा. ठराविक पैसे भरा, हवं तितकं खा, पण वेळेची मर्यादा, आणि उरलं तर दंड. माझ्या मावसभावाने दंडाच्या भीतीने शेवटची दहा मिनिटं जे खाल्लं ते मी विसरू शकत नाही. बरगडी हाडावरून आडवी पातळ कापतात तिला कोरियातही 'एलए गाल्बी' म्हणतात, एवढंच आमच्या गावाचं नाव तिकडे पोचलंय.

जाता जाता, आप्पांना मटणच हवं असेल तर यांगकोची का नाही? मेंढीच्या सळया, निखाऱ्यांवर दात्यांच्या पट्टीवर आपोआप फिरणाऱ्या. चीनमधल्या कोरियन लोकांनी आणलेला प्रकार. आणि बुडवायला जिरं! कोरियन जेवणात जिऱ्याचा वास आला की डोळ्यांत पाणी येतं.

पुणेरी_चिमटा | २२ मार्च, सकाळी ११:२०

पुण्यातला अनुभव लिहितो, नाव घेत नाही. रांजणगावच्या एलजीमुळे म्हणा, तळेगावच्या ह्युंदाईमुळे म्हणा, आता पुण्यात कोरियन माणूस आणि कोरियन हॉटेल दोन्ही नवलाईचं राहिलेलं नाही. आम्ही चौघं एका ठिकाणी गेलो. सांगचूची सहा पानं आली. मोजली. संपल्यावर आणखी मागितली तर बिलात वेगळी लागली. किमचीची दुसरी वाटी: वेगळी. वेटरने चिमट्याला हात लावू दिला नाही, 'सर, सेफ्टी' म्हणाला. धुराडं होतं पण शोभेचं. घरी आल्यावर बायकोने शर्ट बाल्कनीत टाकायला लावला आणि मलाही.

वर कोळसा म्हणतात की बानचान फुकट असतं. म्हणजे पुण्यात आल्यावर कोरियन लोकांनाही पाणी लागलं.

कोळसा | २२ मार्च, सकाळी ११:५५

हाहाहा. शर्टावरून आठवलं. कोरियात कोटासाठी मोठी प्लास्टिकची पिशवी देतात, किंवा बसायचं स्टूलच पोकळ असतं, झाकण उघडून कोट आत. दाराशी कपड्यांवर मारायचा फवारा. ॲप्रन मागितला की मिळतो. तरी केसांना वास राहतोच, त्या रात्री उशीचा अभ्रा बदलायची तयारी ठेवा.

अलिबागकर | २२ मार्च, दुपारी २:१०

आमची पोपटी आठवली. थंडीत वालाच्या शेंगा, अंडी, चिकन मडक्यात भरायचं, भांबुर्डीचा पाला खालीवर, मडकं उलटं, भोवती जाळ. पण पोपटी झाकलेली. मडकं फोडेपर्यंत आत काय चाललंय कुणाला दिसत नाही, त्यामुळे भांडणंही होत नाहीत. हे उघड्यावर भाजायचं म्हणजे प्रत्येकजण तज्ज्ञ.

सांगलीकरीण | २२ मार्च, रात्री १०:००

सगळ्यांचे मनापासून आभार. ओळखापाहू, तुमचेही.

शुद्ध_तुपाळ, नेंगम्यॉनचं माहीत नव्हतं, मी स्वतः गेलं वर्षभर 'नुसत्या नूडल्स' म्हणून खातेय! असो. ते आईला कळायला नको.

ठरलंय असं: पहिल्या आठवड्यात चुनचॉनला ताकगाल्बी. नावात गाल्बी असली तरी चिकन. मोठ्या तव्यावर कोबी, रताळं, तांदळाच्या वड्या आणि लाल मसाल्यात. ते दोघांनाही चालेल. मग आप्पांचा अंदाज घेऊन पुढचं. येऊन वृत्तांत लिहिते.

अर्धीभाकरी | २२ मार्च, रात्री १०:०४

फोटो टाका!

निवांत_नाना | १६ एप्रिल, सकाळी ६:३५

या धाग्याचं काय झालं? कात्री लागली का?

सांगलीकरीण | १९ एप्रिल, रात्री ११:३०

आले आले. नाना, लागली.

चुनचॉन फारच सुरळीत पार पडलं, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. तवा हॉटेलवाल्यानेच परतला. आईने दोनदा घेतलं. आप्पा म्हणाले, 'चिकन आहे, बरं आहे.' हे वाक्य ते लग्नाच्या पंगतीतल्या पनीरलाही वापरतात.

गेल्या शनिवारी हवेत पिवळी धूळ होती. वसंतात वाळवंटाकडून येते, आकाश मळक्या धोतरासारखं होतं. इथल्या लोकांचा समज की डुकराची चरबी घशातली धूळ खाली नेते. खाणीतले मजूर खायचे म्हणे. नवऱ्याने हे आप्पांना वैद्यकीय सल्ल्याच्या थाटात सांगितलं. आप्पांनी विचारलं, 'म्हणजे डुक्कर?' नवरा म्हणाला, हो. मी आईकडे बघितलं नाही.

आप्पा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, 'रानातलं का पाळलेलं?'

तर झालं असं होतं की लहानपणी शिराळ्याला मामाकडे सुट्टीत गेल्यावर आप्पांनी रानडुक्कर खाल्लेलं. एकदा नाही, दर सुट्टीत. साठच्या दशकातली गोष्ट. आजीला सांगायचं नाही अशी मामांची ताकीद, ती त्यांनी आजवर पाळलेली. आईच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. तिला हे सुवॉनच्या बसथांब्यावर कळलं.

गेलो. कोपऱ्यावरचं, सात-आठ टेबलांचं, खुर्च्या असलेलं ठिकाण निवडलं (गुडघ्यांबद्दल धन्यवाद तुपाळ). चालवणाऱ्या बाई साठीच्या. नवऱ्याने त्यांना 'इमो' म्हणून हाक मारली. इमो म्हणजे आईची बहीण, मावशी. इथे हॉटेलातल्या वयस्क बायकांना सर्रास तसंच बोलवतात. आईला ते फार आवडलं, 'आपल्यासारखंच की' म्हणाली. आप्पांचा आक्षेप: 'माझ्यापेक्षा लहान आहे, मी मावशी कशी म्हणू?' त्यांनी संध्याकाळभर 'ओ ताई!' म्हणून हाक मारली, आणि त्या प्रत्येक वेळी आल्या.

तीन इनबुन मोक्साल, दोन सामग्योप्साल. बाईंनी पहिले तुकडे जाळीवर मांडले आणि वळल्या. त्यांची पाठ फिरताच आप्पांनी चिमटा घेतला. मला कोळसांची पोस्ट आठवली, पण उशीर झाला होता. त्यांनी उलटला. पुन्हा उलटला. शेजारचा उचलून खालून बघितला, रविवारी फोड शिजली का बघतात तसा. बाई दुसऱ्या टेबलाकडून आल्या, काही न बोलता आप्पांच्या हातातून चिमटा घेतला, तुकडा परत पहिल्या बाजूला टाकला आणि एक बोट वर केलं. थांबा.

चाळीस वर्षांत आप्पांच्या हातातून डाव कुणी काढून घेतलेला नाही. आई पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. नवरा छताकडे बघत होता.

पाच मिनिटांनी दुसरी फेरी. आप्पांनी पुन्हा चिमटा घेतला, बाईंनी पुन्हा काढून घेतला. या वेळी मात्र त्या थांबल्या आणि तुकड्याच्या वरच्या बाजूकडे बोट दाखवलं. थेंब. आप्पा वाकून बघत बसले. धूर डोळ्यांत जात होता तरी बघत बसले. थेंब आले, एक, मग चार-पाच. त्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली. उलटला. खालची बाजू सोनेरी. बाई म्हणाल्या, 'जाल हाशिनेयो', छान करताय, आणि कात्री आप्पांच्या हातात ठेवून निघून गेल्या. त्यानंतर शेवटपर्यंत आमच्या टेबलाकडे फक्त जाळी बदलायला आल्या.

मग काय. नवऱ्याला हात लावू दिला नाही, मलाही नाही. 'थांब, थेंब आले नाहीत' हे मी त्या रात्री किमान वीस वेळा ऐकलं.

आईचं: मशरूम आणि लसूण फॉइलमध्ये, तेही आप्पांनीच कात्रीने कापून दिले. ग्येरान-जिम आम्ही मागवलंच नव्हतं, बाईंनी आणून ठेवलं आणि म्हणाल्या 'सोबिसू'. सर्व्हिस या शब्दाचा इथला अर्थ फुकट. पाणी कशाचं विचारलं, अंड्यात नुसतं पाणी आणि मीठ निघालं. केन्निप आईने हुंगलं, तोडून चावलं, आणि म्हणाली याची भजी चांगली होतील.

आप्पांचा निकाल: मांस उत्तम, आळणी. स्सामजांगला 'ठीक', हिरव्या मिरचीला 'ही कसली मिरची, काकडी आहे'. (नवऱ्याने मग मुद्दाम चोंगयांग मिरची मागवली. ती काकडी नव्हती.) याच वेळी आईच्या पर्समधून कांदा-लसूण मसाल्याची पुडी निघाली. माझ्या धास्तीच्या यादीत ही नव्हतीच. सांगचूचं पान, त्यात भात, मोक्साल, भाजलेला लसूण, वर चिमूटभर मसाला, आणि सगळं एका घासात. पान चावून खायचं नसतं, अख्खं कोंबायचं असतं, हे आप्पांना कुणी शिकवावं लागलं नाही. बाईंनी पुडीचा वास घेतला, शिंकल्या, गेल्या.

सोजूची, म्हणजे इथल्या दारूची, एक बाटली घेतली. नवऱ्याने रिवाजाप्रमाणे दोन्ही हातांनी आप्पांचा पेला भरला आणि स्वतः पिताना मान बाजूला वळवली, मोठ्यांसमोर तसंच प्यायचं असतं. आप्पा खूश. घरी येताना आईला म्हणाले, 'जावईबापू तोंड फिरवून पितात. वळण आहे.' आई म्हणाली, तुम्ही तर शेडमध्ये जाऊन पिता.

बिल बरोबर १,००,००० वॉन झालं. आप्पांनी आकडा वाचला. 'एक लाख?' गल्ल्यावर उभ्या बाई घाबरल्या. सहा हजारांच्या वर थोडे, हे समजावेपर्यंत मागे रांग लागली.

फोटो नाहीत. कॅमेरा आप्पांच्या धुरात कुणी काढलाच नाही.

शुद्ध_तुपाळ | १९ एप्रिल, रात्री ११:५०

केन्निपची भजी इथे खरंच करतात! आत सारण भरून, पिठात बुडवून तळतात. आईंना सांगा, त्या कोरियन निघाल्या.

कोळसा | २० एप्रिल, सकाळी ७:४५

माझ्या साहेबांनी मला कात्री दिली ती चौथ्या वर्षी. आप्पांना दुसऱ्या फेरीत. काय बोलणार.

निवांत_नाना | २० एप्रिल, सकाळी ८:०५

मीठसुद्धा लावत नाहीत?

सांगलीकरीण | २० एप्रिल, सकाळी ९:३०

नाना, बुडवायला तिळाचं तेल आणि मीठ वाटीत मिळतं. पण आधी मुरवत वगैरे नाहीत, निदान सामग्योप्साल-मोक्सालला तरी नाही. मुरवलेलं हवं तर ते बुल्गोगी-गाल्बीकडे, सोया सॉस, साखर, नाशपाती, असं गोडसर.

पुणेरी_चिमटा | २० एप्रिल, दुपारी १२:१५

पानं किती आली?

सांगलीकरीण | २० एप्रिल, दुपारी १२:४०

टोपली भरून. तीनदा. 😀

सांगलीकरीण | ११ मे, रात्री ९:२०

धागा वर काढतेय, क्षमस्व. आई-आप्पा सुखरूप पोचले. जाताना आप्पांनी इथून एक लांब चिमटा आणि मांसाची कात्री घेतली होती, बॅगेत कपड्यांत गुंडाळून. रविवारी फोन केला तर आप्पा गच्चीवर शेगडी पेटवून बसलेले, समोर मटणाच्या फोडी आणि शेजारचे दोघं. थेंब येईनात म्हणून वैतागले होते. बोकडाला तेवढी चरबी नाही हे त्यांना कोण सांगणार.

कात्री कुठाय विचारलं, तर आई म्हणाली, ती मी कोथिंबिरीला घेतलीय.